तीन ते सहा

निरोप समारंभाच्या दिवशी तिने पट्टा, बिल्ला, शिट्टी आणि मुद्देमालाच्या कपाटाची किल्ली टेबलावर ओळीने मांडली आणि पावती मागितली. तिच्या जागी आलेला तरुण फौजदार हसून म्हणाला, "मॅडम, आज तरी पावती राहू द्या." ती म्हणाली, "आजच तर हवी." त्याने मुकाट्याने लिहून दिली. पावतीची घडी पर्समध्ये घालून ती घरी आली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पाचला उठली, केस घट्ट बांधले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसली. जायचं कुठेच नव्हतं.

नोकरी चौतीस वर्षांची. शिपाई म्हणून लागली, फौजदार म्हणून निवृत्त झाली. शेवटची अठरा वर्षं एकाच ठाण्यात काढली आणि तिथे तिचं काम मुख्यतः एकच, जबाब घेणं. कुणी तोंडच उघडत नसलं की वरचे साहेब म्हणायचे, मॅडमना बोलवा. ती कधी हात उगारत नसे, आवाजही चढवत नसे. समोर बसायची, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायची आणि एकच गोष्ट चार बाजूंनी विचारायची. मध्येच गप्प व्हायची. समोरच्याला ती शांतता सोसवत नसे, मग तो बोलायचा. एवढ्या भांडवलावर तिचं नाव झालं होतं. ठाण्यात सगळे तिला मॅडम म्हणत. घरात नवराही चेष्टेने मॅडमच म्हणायचा.

नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. जमिनीखालून कुठली नळवाहिनी कुठे वळते हे तोंडपाठ असलेला, शांत, हळू बोलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी तोही निवृत्त झाला होता. खरं सांगायचं तर घर त्याचंच होतं. तिच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. त्यामुळे मुलीचे डबे, गृहपाठ, ताप, शाळेतल्या सभा, सगळं त्याने निभावलं. मुलगी नर्स होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, आणि निवृत्तीनंतर त्याने आपली अशी एक घडी बसवली होती. सकाळी दहाला भाजी चिरायची, तेव्हा रेडिओ बारीक लावायचा. जेवण झालं की लादीवर चटई टाकून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवं व्हायचं. चारला उठून चहा. या घडीत दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. तिच्या सुट्टीच्या दिवशी तो तेवढ्यापुरता सरकून बसायचा, इतकंच.

आता ती रोजच घरी. चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल अशी गॅलरी. गॅलरीपासून दारापर्यंत नऊ पावलं होत. ठाण्यातली कोठडी सात पावलांची होती. आपल्याला दोन पावलं जास्त मिळाली, असं तिने एकदा नवऱ्याला गमतीने सांगितलं. तो हसला नाही.

पहिल्या आठवड्यात तिने सगळी कपाटं लावली. दुसऱ्या आठवड्यात लावायला काही उरलं नाही. मग ती माणसांकडे वळली, आणि घरात माणूस एकच होता.

"कुणाचा फोन होता?"

"बहिणीचा."

"काय म्हणत होत्या?"

"विशेष नाही. गुडघा दुखतोय म्हणाली."

"गुडघा तर गेल्या वर्षी दुखत होता. आणि सकाळी दहाला कशा काय त्या? त्या संध्याकाळी करतात ना?"

"अगं, केला आज सकाळी."

"तुम्ही दार लावून का बोलत होतात?"

"रेडिओचा आवाज येत होता."

"रेडिओ तर तुम्ही आधीच बंद केला होता."

नवरा सुरी खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. तिलाही कळायचं की आपण हे काय करतोय. पण जीभ थांबत नसे. एका उत्तरातून पुढचा प्रश्न आपोआप फुटायचा, शिंक यावी तसा. रोज संध्याकाळी ती ठरवायची, उद्या काही विचारायचं नाही. आणि सकाळी तो दुधाची पिशवी घेऊन आला की तिच्या तोंडून निघायचं, "आज सात मिनिटं जास्त लागली?"

तिसऱ्या आठवड्यात घर अगदी खायला उठलं. तेव्हा छत्री विसरल्याचं निमित्त काढून ती ठाण्यात गेली. दारातल्या टेबलावर एक नवीन मुलगी होती, गणवेशाची इस्त्रीसुद्धा न मोडलेली. तिने वर न बघता म्हटलं, "मावशी, तक्रार द्यायची आहे का? तिकडे बाकावर बसा, बोलावते." ती बाकावर बसली. अठरा वर्षं तिने लोकांना त्या बाकावर बसवलं होतं. बाकाचा एक पाय तोकडा होता. जरा हललं की बाक डुगडुगायचा, आणि पडू नये म्हणून माणसाला अंग चोरून बसावं लागायचं. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने जुना हवालदार बाहेर आला, तिला बघून चपापला, आत घेऊन गेला, चहा मागवला. तिच्या खोलीत आता दोन संगणक होते. हवालदार बोलत होता, पण त्याची नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. छत्रीचं नाव न काढता ती उठली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, काहीतरी छंद लाव ना स्वतःला."

"कसला?"

मुलीने विषय बदलला. "बरं, बाबा कसे आहेत?"

"मजेत आहेत."

"विचारलंस त्यांना?"

"रोज विचारते," ती म्हणाली.

त्यानंतरच्या सोमवारी नवरा जेवून आडवा झालाच नाही. तीन वाजता त्याने चपला घातल्या. "जरा बँकेत जाऊन येतो." सहाला परत आला. मंगळवारी औषधाच्या दुकानात. बुधवारी जुन्या सहकाऱ्याकडे, तो म्हणे आजारी आहे. गुरुवारी पाय मोकळे करायला. बरोबर तीनला निघायचा आणि सहाला यायचा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या सहकारी बँकेचे व्यवहार दोनला बंद होतात. औषधं घरात महिनाभर पुरतील एवढी होती. शुक्रवारी तिने त्या सहकाऱ्याच्या घरी फोन लावला, तर फोन त्याच आजारी माणसाने उचलला आणि ठणठणीत आवाजात विचारलं, "काय वहिनी, आज कशी आठवण काढलीत?"

फोन ठेवल्यावर तिला काय वाटलं असेल? भीती वाटली. राग आला. पण या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती कबूल करायची तिला लाज वाटत होती. तिला बरं वाटलं होतं. महिन्याभरात पहिल्यांदा डोकं लख्ख झालं होतं, भूक लागली होती. तिच्यापाशी पुन्हा एक प्रकरण आलं होतं.

सोमवारी तो निघाल्यावर ती शंभर आकडे मोजून मागे निघाली. चष्मा बदलला होता, डोक्यावरून करड्या रंगाची शाल घेतली होती. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, दोन दुकानांचं अंतर ठेवून ती चालत राहिली. नवरा घाईत नव्हता. शाळेच्या कुंपणाला वळसा घालून, बस आगारामागच्या गल्लीतून तो मोठ्या रस्त्याला लागला आणि सरकारी रुग्णालयाच्या फाटकातून आत शिरला.

इतका वेळ तिने चार-पाच शक्यता मनात मांडल्या होत्या, त्यांत ही नव्हती. बाह्यरुग्ण विभागाच्या मोठ्या दालनात खांबाआड उभी राहून तिने पाहिलं. पाचव्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर तो बसला होता. मांडीवर कागदाची फाईल. चुकीच्या औषधांची, उशिरा कळलेल्या दुखण्यांची किती तरी प्रकरणं तिच्या डोळ्यांखालून गेली होती. ती सगळी एकदम आठवली. याला काय झालंय? कधीपासून? आणि मला न सांगता?

नोंदणीच्या खिडकीत बसणारा कारकून तिच्या ओळखीचा होता. अपघाताच्या कागदपत्रांसाठी तिचं तिथे येणं-जाणं असे. ती खिडकीशी वाकली.

"पाचव्या रांगेतले, निळ्या सदऱ्यातले गृहस्थ. कुठल्या डॉक्टरांकडे आहेत?"

कारकुनाने मान उंचावून पाहिलं. "ते होय? ते पेशंट नाहीत, मॅडम."

"मग?"

"येतात आणि बसतात. मांडीवरची फाईल इथलीच, कोरी. आठवडा झाला. मला वाटलं कुणाबरोबर आले असतील, म्हणून एकदा विचारलं. तर म्हणाले, तुमची हरकत नसेल तर बसू द्या. इथे बसलेल्या माणसाला का बसलात म्हणून कुणी विचारत नाही." कारकून ओशाळून हसला. "आणि मीच विचारून बसलो. तेव्हापासून नाही विचारलं. त्रास काही नाही त्यांचा. कुणाला फॉर्म भरता आला नाही तर भरून देतात. अक्षर काय सुंदर आहे हो."

ती पुन्हा खांबाआड गेली. आता तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. आजूबाजूला मुलं रडत होती, नंबर पुकारले जात होते, औषधांचा उग्र वास सुटला होता, आणि या सगळ्यात तो पाय पसरून, मान भिंतीला टेकवून बसला होता. चेहरा सैल पडला होता. घरात असा चेहरा तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

आजार नाही म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता. परत येताना मात्र कारकुनाने सांगितलेलं ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

सहाला तो आला. तिने चहा केला होता. टेबलाशी त्याला बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि आपण समोर बसली. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"कुठे गेला होतात?"

"फिरायला."

"कुठल्या बाजूला?"

"आगाराकडे."

"तीन तास आगाराकडे?"

"वाटेत बसलो जरा."

"कुठे बसलात?"

तो गप्प राहिला. तीही गप्प राहिली. ग्लासातलं पाणी स्थिर होतं. खालून एका गाडीचा भोंगा वाजला, थांबला. तिने आणखी वाट पाहिली. समोरच्या माणसाचे खांदे खाली येताना तिने हजार वेळा पाहिले होते. आता नवऱ्याचे खांदे तसेच खाली आले.

"तुला काय लिहायचं ते लिही," तो थकून म्हणाला. "मी सही करतो."

हे शब्द तिने आधी एकदा ऐकले होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका घरकाम करणाऱ्या बाईवर मालकिणीची सोन्याची बांगडी चोरल्याचा आळ होता. तिने त्या बाईला चार तास समोर बसवलं होतं. रागावली नाही, धमकावलं नाही, पाणीही दिलं होतं. चौथ्या तासाच्या शेवटी ती बाई म्हणाली होती, काय लिहायचं ते लिहा, मी सही करते. तिने लिहिलं, बाईने सही केली. आठ दिवसांनी बांगडी मालकिणीच्याच कपाटामागे सापडली. सोडताना तिने त्या बाईला विचारलं होतं, घेतली नव्हतीस तर हो का म्हणालीस? बाई म्हणाली होती, "खोलीच्या बाहेर जायचं होतं." एवढंच. तक्रार केली नाही, रडली नाही. मॅडमनी मात्र ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

आता तिने सांगितली. त्याच टेबलाशी, खाली बघत, तुटक तुटक. नवऱ्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आज मी तुमच्या मागे आले होते."

"माहीत आहे."

तिने चमकून वर पाहिलं. चौतीस वर्षांत तिची पाळत कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"औषधांच्या खिडकीच्या काचेत दिसलीस," तो म्हणाला. "शाल माझीच होती. आणि शाल नसती तरी तुझी चाल कळते मला."

"मग थांबला का नाहीत?"

"म्हटलं, बघू दे. सांगण्यापेक्षा ते सोपं."

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगणार कसं? मी तोंड उघडायच्या आत तू विचारतेस. विचारल्यावर जे निघतं ते उत्तर असतं, सांगणं नसतं." तो थांबला. शब्द शोधत होता, आणि तिला घाई करायची नव्हती. "मला तुझा कंटाळा नाही आलेला. पण इथे कुठेही बसलो तरी मी तुला दिसतो. भाजी चिरताना दिसतो, झोपलो तरी दिसतो. मोरीत गेलो तर दाराबाहेर तुझी चाहूल. इतकी वर्षं मी या घरात एकटा होतो. आधी वाईट वाटायचं, मग सवय झाली, मग आवडायला लागलं. तू आलीस आणि माझी नोकरी गेली असं झालं."

"तुमची?"

"तुझी तर गेलीच."

तिला हसू आलं आणि मग रडू आलं. रडताना तिने तोंड फिरवलं नाही. नवऱ्याने पाण्याचा तो ग्लास उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

काय करायचं हे त्यांनी दुसऱ्या दिवशी ठरवलं. तीन ते सहा घर त्याचं. त्या वेळात तिने बाहेर राहायचं. कल्पना तिचीच होती. तो म्हणाला, आलटून पालटून जाऊ. ती म्हणाली, "नको. तुम्ही इथून हाकलले गेलात, परत यायची पाळी तुमची."

बोलायला सोपं होतं. पहिल्या दिवशी तीन वाजता ती खाली उतरली आणि फाटकाशी उभी राहिली, तर डावीकडे जायचं की उजवीकडे हेच कळेना. शहरातली एकही गल्ली तिला अनोळखी नव्हती, पण प्रत्येक गल्ली कुठल्या तरी गुन्ह्यामुळे माहीत होती. त्या वळणावर चाकू सापडला होता, त्या गच्चीवरून एक पोरगी पडली होती. बागेत बाकावर बसली तर येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे, उंची, वय मनात टिपलं जाई. एक बस पकडून ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि त्याच बसने परत आली. वाहक म्हणाला, "उतरायचं विसरलात का?" ती म्हणाली, "हो." असं आठ-दहा दिवस चाललं. चार भिंतींतून सुटून ती सगळ्या शहरात अडकली होती.

मग एका दुपारी वाऱ्याने धुळीचे लोट उठले आणि ती साडेतीनलाच माघारी आली. वर जायचं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. तळमजल्यावरच्या दुकानातल्या शिंप्याने तिला पाहिलं. वयाने तिच्याहून थोडा मोठा, बोलका माणूस. त्याने आतलं स्टूल बाहेर सरकवलं. "बसा ना. तुमच्या ह्यांनी घराबाहेर काढलंय, ऐकलं मी."

"कुणी सांगितलं?"

"तुमचे हेच काल बटणं न्यायला आले होते, त्यांनी. अगदी खुशीत होते."

ती बसली. शिंप्याच्या टेबलावर एका जाड कोटाचं अस्तर काढायचं काम पडलं होतं. दिवसभर वाकून त्याची मान धरली होती. रिकामे हात तिला कधीच सहन झाले नव्हते, तिने कोट ओढून घेतला. शिंप्याने उसवायचं कसं ते एकदा दाखवलं, टाक्याखालून कात्रीचं टोक घालायचं, कापड न ओढता दोरा उचलायचा. तिला जमलं. घाई केली की कापड फाटायचं, म्हणून घाई करता येत नव्हती. शिंपी आपल्या तीन सुनांच्या गोष्टी सांगत होता. पहिल्या दिवशी तिने अकरा प्रश्न विचारले. शिंपी वैतागला नाही, पण गोष्ट भरकटली आणि मधल्या सुनेचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी तिने तोंड मिटून ठेवलं. मधल्या सुनेचं सगळं कळलं, आणि न विचारता धाकटीचंही.

असे चार महिने झाले. सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. अजूनही कधी पाचला जाग येते आणि उजाडेपर्यंत ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसून राहते. कधी जिन्यात अनोळखी माणूस दिसला की ती त्याला वरच्या मजल्यापर्यंत डोळ्यांनी पोचवते. दुकान बंद असलं की तीन तास डोंगराएवढे होतात, आणि मग ती पुन्हा त्या बसमध्ये बसते. वाहक आता काही विचारत नाही.

परवा संध्याकाळी ती सहाला वर गेली. नवरा भाजी ढवळत होता. तिने हात धुतले, ताटं घेतली. मग तोच म्हणाला, "काय झालंय? काहीतरी विचारायचंय तुला. मघापासून ओठ चावते आहेस."

"एक विचारू?"

"एकच."

तिने विचार करायला वेळ घेतला. "दुपारी घरात एकटे काय करता हो तुम्ही?"

"काही नाही," तो म्हणाला.

तिचा पुढचा प्रश्न तयार होता. तिने तो गिळला आणि भाजी वाढायला घेतली. नवरा दोन घास जेवला, पाणी प्यायला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, सांगायला लागला की आज दुपारी तो मुलीची पाचवीतली जुनी चित्रकलेची वही बघत बसला होता. त्यात एक चित्र होतं, गणवेशातल्या बाईचं, आणि खाली मुलीने लिहिलं होतं, माझी आई सध्या बाहेर आहे.

"ठेवलंय का ते?" तिच्या तोंडून गेलंच.

"हा दुसरा झाला," तो म्हणाला आणि वही आणायला उठला.